बाबांचे जुने मेल गेले कुठे? विंडोज परत टाकल्यावर आर्काइव्ह शोधताना

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. फोल्डरची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत अशी तक्रार नेहमी येते, म्हणून ती इथे सावकाश दिली आहेत. बोलताना झालेल्या 'अं' आणि 'म्हणजे'पैकी निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत.)

आजचा विषय तुम्हाला स्वतःला लागेल की नाही माहीत नाही, पण तुमच्या घरात कुणाला तरी लागेल आणि त्या दिवशी फोन तुम्हालाच येईल. कारण 'याला कॉम्प्युटरचं कळतं' असा शिक्का तुमच्यावर बसलेला असतो. माझ्यावर तर आहेच. बीटेक झाल्यापासून सगळ्या नातेवाइकांचे प्रिंटर माझ्याच नावावर आहेत.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी नाशिकहून बाबांचा फोन आला. लॅपटॉप फार रेंगाळतो म्हणून त्यांनी तो जवळच्या दुकानात देऊन 'विंडोज नवीन टाकून' आणला होता. दुकानदाराने डेस्कटॉपवरचे फोटो आणि पीडीएफ पेन ड्राइव्हवर काढून दिले होते, थंडरबर्डही परत टाकून दिलं होतं. बाबांनी पासवर्ड घातला, मेल आले, सगळं छान. "पण अरे, डावीकडे ते वर्षांचे फोल्डर असायचे ना, २०१२, २०१३ असे? ते दिसत नाहीयेत."

आता यात काय एवढं, असं वाटेल. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरणाचं प्रकरण चालू आहे. म्हणजे काय, तर बिल्डर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती करून घेते. बिल्डरच्या ऑफिसशी झालेला दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार त्या फोल्डरांमध्ये होता. सुनावणी अकरा दिवसांवर आली होती. मी विचारलं, "विंडोज कधी टाकलं?" तर म्हणाले, "झाला की आठवडा. मागच्या शनिवारी."

म्हणजे आठवा दिवस. हा आकडा का महत्त्वाचा, ते पुढे येईल. त्याआधी एक शब्द नीट समजून घेऊ, कारण निम्मा घोळ त्या शब्दामुळेच होतो. तो शब्द म्हणजे 'आर्काइव्ह'.

तुम्ही फोनवर जीमेलमध्ये एखादा मेल बोटाने बाजूला सरकवता, तो आर्काइव्ह होतो. तिथे प्रत्यक्षात काय घडतं? त्या मेलवरची 'इनबॉक्स' ही चिठ्ठी काढली जाते. मेल जागचा हलत नाही, 'ऑल मेल'मध्ये गुमान पडून असतो, गूगलच्या सर्व्हरवर. फोन हरवला, लॅपटॉप जळला, विंडोज दहा वेळा टाकलं, तरी लॉगिन केलं की तो समोर हजर. आपल्या पिढीला मेल म्हणजे एवढंच माहीत आहे. त्यामुळे 'पासवर्ड आहे ना, मग मेल आहेत' असं आपण बिनधास्त सांगून मोकळे होतो.

पण कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये आर्काइव्ह ही तुमच्या डिस्कवरची साधी फाइल असू शकते. सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो. असं कधी होतं? मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत, आयमॅप आणि पॉप. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवर राहते, तुम्ही तिची नक्कल बघता. पॉप म्हणजे पोस्टातली पेटी: जायचं, पत्रं उचलायची, घरी आणायची, पेटी रिकामी. पुढे ती पत्रं घरातल्या कपाटात. विंडोज परत टाकताना ते कपाटच बाजूला सारलं गेलं, तर पोस्टात जाऊन कितीही चौकशी करा, तिथे काही नाही.

आणि इथे एक कबुली द्यायला हवी. बाबांचं पॉप मीच लावून दिलं होतं. २०१६ मध्ये, फर्स्ट इयरच्या सुट्टीत. त्यांच्या मेलबॉक्सला जागा कमी होती, सारखा 'मेलबॉक्स भरला' असा निरोप यायचा. मी थंडरबर्ड टाकलं, मेल सर्व्हरवर फक्त ३० दिवस ठेव असं सांगितलं, आर्काइव्हची जागा 'लोकल फोल्डर्स' अशी दिली आणि बाबांना शिकवलं की मेल निवडून कीबोर्डवर 'ए' दाबलं की तो आपोआप त्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जातो. बाबांनी ते इमानेइतबारे केलं. रोज संध्याकाळी, चहा घेताना. बॅकअपचं मी काही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते सुचलंच नव्हतं. त्यामुळे दुकानदाराला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नव्हती.

बरं. आता काम. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे त्या कॉम्प्युटरवर नवीन काही टाकायचं नाही. सिनेमे नाहीत, अपडेट नाहीत, 'मेल रिकव्हर करा' म्हणणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर तर अजिबात नाही. डिस्कवरून पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा 'रिकामी' म्हणून नोंदवली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र कायमचं गेलं. म्हणून मी लांबून लॅपटॉप चालवायचं ॲपसुद्धा टाकायला सांगितलं नाही. बहिणीला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, फोन स्क्रीनसमोर धर. अर्धा वेळ मला तिचा अंगठा दिसत होता, पण काम झालं.

दुसरी गोष्ट, 'फॉरमॅट मारला' या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडे विंडोज परत टाकणं आणि फॉरमॅट मारणं हे एकाच अर्थाने म्हणतात. पण त्याच पार्टिशनवर फॉरमॅट न करता विंडोज टाकलं असेल, तर जुनं सगळं सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवलेलं असतं. जुने यूझर, त्यांच्या फाइली, प्रोग्रॅमची माहिती, सगळं. फक्त हा फोल्डर कायमचा नसतो. अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज तो स्वतःहून काढून टाकतं, आणि जागा कमी पडली म्हणून कुणी 'डिस्क क्लीनअप' चालवलं तर त्याही आधी. सगळ्याच बाबतीत दहाचा हिशेब तंतोतंत बसेल असं नाही, पण आपण दहाच धरायचे. म्हणून तो आठवा दिवस ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

बहिणीने सी ड्राइव्ह उघडला. 'विंडोज', आणि त्याच्याखाली 'विंडोज डॉट ओल्ड'. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

आता रस्ता. विंडोज डॉट ओल्डच्या आत 'यूझर्स', त्यात बाबांच्या नावाचा फोल्डर. त्यात 'ॲपडेटा' शोधायचा. तो दिसणार नाही, कारण तो लपवलेला असतो. विंडोज ११ मध्ये वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि त्यात 'हिडन आयटम्स', विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच 'हिडन आयटम्स'ची टिकली. मग ॲपडेटा, त्यात 'रोमिंग', त्यात 'थंडरबर्ड', त्यात 'प्रोफाइल्स'. मध्येच 'तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही' असं येतं, तिथे 'कंटिन्यू' दाबायचं. प्रोफाइल्समध्ये एक विचित्र नावाचा फोल्डर असतो: आधी आठ-एक अक्षरांची खिचडी, मग टिंब, मग 'डिफॉल्ट रिलीज' असं काहीतरी. तोच तुमचा खजिना. मेल, पत्ते, फिल्टर, साठवलेले पासवर्ड, सगळं त्याच्या पोटात.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेणारे दुकानदार इथेच चुकतात, कारण ॲपडेटा त्यांना दिसतच नाही. 'मेलचाही बॅकअप घ्या' असं तोंडी सांगितलं तरी उपयोग होईलच असं नाही. फोल्डरचं नाव घेऊन सांगावं लागतं.

तो विचित्र नावाचा अख्खा फोल्डर आधी बाहेर कॉपी करायचा. कट नाही, कॉपी. पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. जुन्या पेन ड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ पद्धतीच्या असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. कुणाचा इनबॉक्स तेवढा फुगलेला असेल तर कॉपी मध्येच अडते आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. आमच्याकडे सगळं मिळून ३ जीबीच्या आसपास होतं, ते निभावलं.

कॉपी झाली की घाई संपली. आता शांतपणे बघू या की आत आहे काय.

प्रोफाइलमध्ये 'मेल' नावाचा फोल्डर असतो आणि 'आयमॅपमेल' नावाचा. आयमॅपमेलमध्ये सर्व्हरवरच्या मेलच्या नकला, त्यांची काळजी कमी. आपल्याला हवा 'मेल'. त्यात पॉप सर्व्हरच्या नावाचा एक फोल्डर आणि शेजारी 'लोकल फोल्डर्स'. लोकल फोल्डर्समध्ये गेलात की 'आर्काइव्ह्ज' या नावाच्या तीन गोष्टी दिसतील. एक साधी, पुढे टिंब-बिंब काही नाही. दुसरी 'आर्काइव्ह्ज डॉट एमएसएफ'. तिसरा फोल्डर, 'आर्काइव्ह्ज डॉट एसबीडी'. टिंब नसलेली फाइल म्हणजे खरे मेल. एमएसएफ म्हणजे नुसती अनुक्रमणिका. आणि एसबीडी फोल्डरमध्ये उपफोल्डर, म्हणजे आमच्या बाबतीत २०१२, २०१३ वगैरे, प्रत्येकाची पुन्हा तशीच जोडी.

हे खरे मेल ज्या पद्धतीने ठेवलेले असतात तिला 'एमबॉक्स' म्हणतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती इतकी साधी आहे की हसू येतं. एकामागून एक सगळे मेल एकाच मजकुराच्या फाइलीत चिकटवलेले. नवा मेल सुरू झाला हे ओळखायचं कसं, तर ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' आणि एक मोकळी जागा. बस. छोटी फाइल नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. ही पद्धत युनिक्सच्या काळापासून चालत आली आहे. उद्या थंडरबर्ड बंद पडलं तरी तुमचे मेल वाचता येतील.

मग परत आणायचे कसे? दोन मार्ग. एक म्हणजे अख्खं जुनं प्रोफाइल नव्या थंडरबर्डला दाखवायचं. 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन' असतं, तिथून प्रोफाइलच्या पानावर जाऊन जुन्या फोल्डरवरून प्रोफाइल तयार करता येतं. यात पासवर्डपासून पत्त्यांपर्यंत सगळं जसंच्या तसं येतं. अट एकच, नवं थंडरबर्ड जुन्याइतकं किंवा त्याहून नवीन आवृत्तीचं हवं. उलटं केलं तर ते उघडायला नकार देतं.

आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण बाबांचं खातं आता आपोआप आयमॅपवर लागलं होतं आणि मला ते तसंच हवं होतं. मला जुनं पॉप परत जिवंत करायचं नव्हतं. म्हणून फक्त आर्काइव्ह उचलून नव्या घरात ठेवायचं. थंडरबर्ड पूर्ण बंद करायचं, नव्या प्रोफाइलच्या 'मेल'मधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये जुन्या फाइली टाकायच्या, परत चालू करायचं. सोपं.

बहिणीने केलं. थंडरबर्ड चालू केलं. काही नाही. 'लोकल फोल्डर्स'खाली 'ट्रॅश' आणि 'आउटबॉक्स', पुढे शांतता. मागून बाबांचा आवाज, "राहू दे रे, उशीर झालाय, उद्या बघा." त्या आवाजावरून कळत होतं की त्यांनी मनातून सोडून दिलं होतं.

दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर मी विचारलं, "तू नक्की काय काय कॉपी केलंस?" ती म्हणाली, "तो एसबीडी फोल्डर केला ना. त्यातच सगळी वर्षं आहेत. ती दुसरी आर्काइव्ह्ज फाइल शून्य केबीची होती, रिकामी, ती कशाला घेऊ?"

हेच ते! वर्षांचे फोल्डर आत असताना वरच्या 'आर्काइव्ह्ज'मध्ये थेट एकही मेल नसतो, म्हणून ती फाइल शून्य केबीची. पण ती दाराच्या चौकटीसारखी आहे. थंडरबर्ड आधी टिंब नसलेली फाइल बघतं, ती असेल तरच तिच्या नावाच्या एसबीडी फोल्डरमध्ये डोकावतं. ती नसेल तर ३ जीबी मेल समोर असूनही त्याच्या लेखी तिथे काही नाही. आणि बहिणीचं काय चुकलं? रिकामी फाइल कुणीही सोडून देईल. तुमच्याकडे ती हरवली असेल तर त्याच नावाची कोरी फाइल बनवली तरी चालतं, फक्त शेवटी 'डॉट टीएक्सटी' लागलेलं नको.

शून्य केबीची फाइल ठेवली, थंडरबर्ड उघडलं, आणि डावीकडे एक छोटा बाण आला. तो दाबल्यावर २०१२ पासून २०२३ पर्यंत सगळी वर्षं.

दोन फोल्डरांमध्ये मेलची यादी चुकीची दिसत होती, विषय एक आणि मजकूर दुसराच. घाबरायचं नाही. ती अनुक्रमणिका बिघडलेली असते. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे, किंवा थंडरबर्ड बंद करून ती एमएसएफ फाइल उडवा. ती पुन्हा तयार होते. फक्त दोनदा बघून उडवा, कारण शेजारची टिंब नसलेली उडवलीत तर ते मेल होते. आर्काइव्ह न केलेले मेल पॉप सर्व्हरच्या नावाच्या फोल्डरमधल्या 'इनबॉक्स' फाइलीत होते. तीही उचलली, नाव बदलून 'ओल्ड इनबॉक्स' केलं आणि शेजारी ठेवली.

तुमच्या घरी थंडरबर्डऐवजी आउटलुक असेल तर तत्त्व तेच, फाइल वेगळी. तिथे शोधायची 'डॉट पीएसटी'. आउटलुक २०१० पासून ती सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये असते, म्हणजे दुकानदाराच्या बॅकअपमध्ये ती चुकून आलेलीही असू शकते, आधी तिथेच बघा. त्याआधीच्या आउटलुकमध्ये मात्र ॲपडेटामध्ये, पण रोमिंग नाही, 'लोकल'मध्ये, मग 'मायक्रोसॉफ्ट', मग 'आउटलुक'. बऱ्याचदा नावच 'आर्काइव्ह डॉट पीएसटी' असतं. ती मिळाली की 'फाइल', 'ओपन अँड एक्सपोर्ट', 'ओपन आउटलुक डेटा फाइल'. शेजारी 'डॉट ओएसटी' दिसली तर तिच्यासाठी जीव टाकू नका. ती सर्व्हरची नक्कल असते, खातं लावलं की नवी बनते. पीएसटी उघडत नसेल तर आउटलुकसोबतच 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन येतं. ते चालवण्याआधी पीएसटीची एक प्रत बाजूला ठेवा.

आता वाईट बातमी. विंडोज डॉट ओल्ड नसेल, खरंच फॉरमॅट झालं असेल तर? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर बरीच आशा असते. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि 'फोटोरेक'सारखं साधन चालवायचं. नावावर जाऊ नका, ते फोटोंखेरीज एमबॉक्स आणि पीएसटीही ओळखतं, आणि फुकट आहे. मिळालेल्या फाइली मात्र त्याच डिस्कवर ठेवायच्या नाहीत. फाइलींची मूळ नावं जातात, त्यामुळे कुठलं वर्ष कुठलं ते उघडून बघत बसावं लागतं. एसएसडी असेल तर गोष्ट अवघड, कारण विंडोज तिला 'या जागा आता नकोत' असं कळवतं, याला 'ट्रिम' म्हणतात, आणि एसएसडी त्या जागा आतून साफ करून टाकते. काही वेळा काही मिनिटांतच. वेग हवा म्हणून आपण एसएसडी बसवतो, त्याची ही दुसरी बाजू. आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की लागेलच. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, कुठल्या खात्यात हे घरच्यांना आठवत नसतं, ही वेगळी गंमत.

लिनक्सवाल्यांसाठी: होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा 'थंडरबर्ड' फोल्डर. मॅकवर 'लायब्ररी'च्या आत. आतली रचना हीच.

तर सोमवारी सकाळी बाबांचा पुन्हा फोन. २०१४ च्या फोल्डरमध्ये बिल्डरच्या ऑफिसचा तो मेल सापडला होता, ज्यात कागदपत्रं पुढच्या महिन्यात देतो असं लिहिलं होतं. बाबांना त्याचा विषय अजून पाठ होता. मी म्हटलं, "बाबा, प्रिंट काढा, पण मूळ मेल डिलीट करू नका, हलवूही नका." ते म्हणाले, "मी काय लहान आहे का?"

आता थंडरबर्डच्या 'टूल्स'मध्ये 'एक्सपोर्ट' आहे, पण त्याची झिप फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रोफाइलचा फोल्डरच हाताने कॉपी करतो. एक प्रत माझ्याकडे पुण्यात, दुसरी नाशिकला पेन ड्राइव्हवर. त्या पेन ड्राइव्हवर बाबांनी पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेनने लिहिलंय: 'मेल २०१२ ते २०२३. हात लावू नये.' तो सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलीत ठेवलेला असतो.

पुढच्या एपिसोडमध्ये व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या फोनवर का येत नाही ते बघू. तुमच्या घरी असा काही प्रसंग झाला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आतली. भेटू.